त्रुटीचा प्रवास : एक्सेप्शनचे सिरियलायझेशन

प्रोग्रॅम चालू असताना अनपेक्षित अडचण उद्भवली, की अनेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये तिची नोंद ठेवणारी एक वस्तू तयार होते. तिला ‘एक्सेप्शन’ म्हणतात. त्रुटीचा प्रकार, तिचा संदेश आणि प्रोग्रॅम कोणत्या पायऱ्यांनी तेथवर पोहोचला याचा माग, अर्थात ‘स्टॅक ट्रेस’, ही माहिती सहसा तिच्यात असते.

बँकेचा ऑनलाइन व्यवहार अनेक संगणक मिळून पार पाडतात. साहजिकच एका यंत्रावरील त्रुटी दुसऱ्याला कळवावी लागते. त्यासाठी या वस्तूचे बाइट्सच्या मालिकेत रूपांतर करणे म्हणजे ‘सिरियलायझेशन’, तर त्या मालिकेतून वस्तू पुन्हा उभी करणे म्हणजे ‘डीसिरियलायझेशन’ होय. या प्रवासात माहिती गळाली, तर व्यवहार अडला एवढेच कळते. तो का अडला, हे कळत नाही.

भाषागणिक वेगळी रीत

जावा भाषेच्या १९९७ मधील १.१ आवृत्तीत ही सोय अंगभूत झाली. तेथे सर्व एक्सेप्शनचा मूळ वर्ग असलेला ‘थ्रोएबल’ सिरियलायझेशनला पात्र आहे. तथापि एक्सेप्शनमध्ये डेटाबेसच्या जोडणीसारखी पाठवता न येणारी वस्तू असल्यास पाठवणीच फसते. पलीकडच्या यंत्रावर तो वर्ग नसल्यास वस्तू उभी राहत नाही.

पायथनमधील ‘पिकल’ वर्गाचे नाव आणि मूल्ये जपते, माग मात्र सोबत नेत नाही. समजा, एका एक्सेप्शनला खाते क्रमांक व रक्कम ही दोन मूल्ये लागतात, परंतु मूळ वर्गाकडे त्याने एकच संदेश सोपवला आहे. अशा वेळी बांधणी बिनबोभाट होते. उघडताना मात्र एकाच मूल्यावर वस्तू घडवण्याचा प्रयत्न होऊन भलतीच त्रुटी पुढे येते आणि मूळ कारण झाकले जाते. वस्तू कोणत्या मूल्यांतून घडवावी, हे त्या वर्गातच स्पष्ट सांगणे हा त्यावरील उपाय.

जावास्क्रिप्टमध्ये साध्या त्रुटीचे जेसनमध्ये रूपांतर केल्यास हाती महिरपी कंसांची रिकामी जोडी येते. संदेश व माग हे गुणधर्म तेथे गणनेत धरले जात नाहीत. ते वेगळे काढून पाठवावे लागतात.

सुरक्षेचा प्रश्न

बाहेरून आलेली मालिका डोळे मिटून उघडणे धोक्याचे असते. ख्रिस फ्रोहॉफ व गॅब्रिएल लॉरेन्स यांनी २०१५ मध्ये जावातील अशा मालिकेद्वारे परक्या यंत्रावर हव्या त्या आज्ञा चालवता येतात, हे दाखवून दिले. जावाच्या २०१७ मधील नवव्या आवृत्तीत येणाऱ्या वस्तूंसाठी चाळणी आली. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये डॉटनेटच्या नवव्या आवृत्तीतून ‘बायनरी फॉरमॅटर’ची अंमलबजावणीच काढून टाकली.

म्हणूनच दोन स्वतंत्र यंत्रणांमध्ये अख्खी वस्तू न पाठवता साधी माहिती पाठवणे श्रेयस्कर ठरते. २०२३ च्या ‘आरएफसी ९४५७’ या मानकात त्यासाठी प्रकार, शीर्षक, स्थिती, तपशील व घटना असे पाच रकाने आहेत. स्टॅक ट्रेसमधून यंत्रणेची अंतर्गत रचना उघड होते. त्यामुळे तो आपल्याच नोंदवहीत ठेवावा आणि ग्राहकाला घटनेचा केवळ क्रमांक द्यावा. त्या क्रमांकावरून तंत्रज्ञाला मूळ कारणापर्यंत पोहोचता येते, आणि परक्याच्या हाती यंत्रणेचा नकाशाही पडत नाही.