आधी निवड, मग भिंत

वरच्या मजल्यावरील न्हाणीघरात पाणी सांडते आणि खालच्या घराच्या छतावर ओल उमटते. रंगाचे पोपडे निघतात, कपाटाची पाठ कुजते आणि वर्षानुवर्षांचा शेजारधर्म वादात सापडतो. शहरांतील गृहनिर्माण संस्थांना हा अनुभव नवा नाही. दोष सहसा प्लंबरला दिला जातो. पण पुष्कळदा या गळतीचे मूळ इमारत उभी राहत असतानाच चुकलेल्या क्रमात असते. कमोड, नळ, शॉवर यांची निवड शेवटी करायची गोष्ट मानली जाते. वास्तविक भिंतीत पहिला पाइप जाण्यापूर्वीच ती पूर्ण व्हायला हवी.

भिंतीआडचे गणित

कमोडचेच उदाहरण घेऊ. काहींचे निर्गम तोंड जमिनीकडे असते (एस ट्रॅप), तर काहींचे मागील भिंतीकडे (पी ट्रॅप). एस ट्रॅपच्या कमोडमध्ये भिंतीपासून या तोंडाचे अंतर नमुन्यानुसार 100, 220 किंवा 300 मिलिमीटर असू शकते. हे अंतर लाद्या बसविलेल्या भिंतीपासून मोजायचे असते. कारागिराने ते विटांच्या भिंतीपासून मोजले, तर गिलावा आणि लादी मिळून सुमारे 35 मिलिमीटरचा फरक पडतो. मग कमोड बसत नाही, आणि तो कसाबसा बसविण्यासाठी जोड तिरके केले जातात. भविष्यातील गळती तेथेच जन्माला येते.

भिंतीत दडणाऱ्या डायव्हर्टरचीही हीच गोष्ट. तो किती खोल बसवावा, याच्या किमान व कमाल खुणा त्यावर दिलेल्या असतात. तो फार आत गेला, तर बाहेरची मूठ पोहोचत नाही. मग नवी लादी फोडावी लागते. उघड्या वॉल मिक्सरच्या दोन तोंडांत 150 मिलिमीटर अंतर लागते. जमिनीला न टेकणाऱ्या, भिंतीवर टांगलेल्या कमोडसाठी लोखंडी चौकट लाद्यांच्या आधीच बसवावी लागते. म्हणजेच उपकरणाचा नमुना ठरल्याशिवाय पाइपाची जागा ठरू शकत नाही.

दाब पाहून नळ निवडावा

दालनात देखणा दिसणारा शॉवर घरी रुसतो, याचे कारण पाण्याचा दाब. पाण्याच्या 10 मीटर उंचीमुळे साधारण 1 बार दाब मिळतो. गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी वरच्या मजल्यावरील शॉवरपेक्षा 4 मीटर उंच असेल, तर तेथे जेमतेम 0.4 बार दाब उपलब्ध होतो. पाइपातील घर्षणाने तोही घटतो. अनेक आधुनिक मिक्सर व मोठे शॉवर मात्र 1 बार किंवा त्याहून अधिक दाब गृहीत धरून घडविलेले असतात. त्यामुळे वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी दाब वाढविणारा पंप व स्वतंत्र वाहिनी यांचा विचार आराखड्यातच करावा. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर प्रश्न उलटा असतो. तेथे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह लागतात. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्यावर अवलंबून असलेल्या वसाहतींत नळाच्या जाळीत क्षार साठतात. तेथे सहज उघडून साफ करता येणारे आणि सुटे भाग गावातच मिळणारे नळ निवडणे शहाणपणाचे.

सूची हाच कणा

सात मजली, दर मजल्यावर चार सदनिका आणि प्रत्येकीत दोन न्हाणीघरे असलेली इमारत कल्पावी. एकूण 56 न्हाणीघरे झाली. प्रत्येकी पाच अँगल कॉक धरले (बेसिनला दोन, फ्लश टाकीला एक, गिझरला दोन), तरी संख्या 280 होते. एवढा पसारा स्मरणशक्तीवर सोपविता येत नाही.

त्यासाठी वास्तुविशारद, प्लंबिंग सल्लागार व कंत्राटदार यांनी मिळून उपकरणांची एकच सूची करावी. तीत प्रत्येक उपकरणाचा उत्पादक, नमुना क्रमांक, रंग, संख्या, तयार जमिनीपासूनची उंची, लागणारा दाब, जोडाचा आकार आणि माल केव्हा हवा, हे नोंदवावे. उत्पादकाचे मापचित्र सोबत जोडावे. नमुना बदलायचा झाल्यास बदल लेखी असावा व तो सर्वांच्या प्रतींत उतरावा. ‘तत्सम दर्जाचा’ हा करारातील मोघम शब्द पुढे तंट्याचे कारण ठरतो.

यानंतरची पायरी म्हणजे नमुना न्हाणीघर. एकच न्हाणीघर लाद्या, उपकरणे व पाणीजोडणीसह पूर्ण करावे. दार कमोडला आपटते का, हेल्थ फॉसेट हाताशी येतो का, पाणी नहाणी ट्रॅपकडे वळते का, हे प्रत्यक्ष वापरून पाहावे. एका ठिकाणची चूक तेथेच सुधारली, तर उरलेल्या 55 ठिकाणची तोडफोड वाचते.

कामाचा क्रम

पाइप बसविल्यावर भिंती झाकण्याआधी पाणीवाहिन्यांची दाबचाचणी घ्यावी. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन सर्व जोड तपासण्याची पद्धत आहे. त्याच वेळी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे मापपट्टी लावून काढावीत. पुढे खिळा ठोकताना पाइप कोठे आहे, हे तीच सांगतील. न्हाणीघराच्या खोलगट स्लॅबला जलरोधक थर दिल्यावर त्यात पाणी साठवून किमान 48 तास खालचे छत न्याहाळावे. ही चाचणी कोबा व लाद्या होण्यापूर्वीच व्हायला हवी. घाई याच टप्प्यावर होते आणि सर्वांत महाग पडते. नहाणी ट्रॅपमध्ये 50 मिलिमीटर पाणी टिकून राहते ना, तेही पाहावे. दुर्गंधी व झुरळे अडविणारा पडदा तोच.

कमोड व नळ सर्वांत शेवटी, लाद्यांची व रंगाची मुख्य कामे उरकल्यावर बसवावेत. आधी बसविलेल्या कमोडवर उभे राहून रंगकाम होते, त्यात सिमेंटचे पाणी ओतले जाते आणि वाहिनी तुंबते. नळ जोडण्याआधी पाइपांतून पाणी सोडून वाळू धुऊन काढावी.

ग्राहकाने काय पाहावे?

‘रेरा’ कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामाच्या किंवा सेवांच्या दर्जातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. म्हणून सॅनिटरी वस्तूंचा उत्पादक अथवा किंमतश्रेणी करारनाम्याच्या परिशिष्टात नोंदवून घ्यावी. ताबा घेताना सर्व नळ एकाच वेळी सोडून पाहावेत. प्रत्यक्ष टाकलेल्या वाहिन्यांचे नकाशे, चाचण्यांच्या नोंदी व हमीपत्रे मागून घ्यावीत. पुनर्विकासाच्या इमारतीत हे काम संस्थेच्या समितीने करावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक यांच्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सदस्याला स्वखर्चाने करावी लागते. विकासकाच्या जबाबदारीची मुदत सरल्यावर हा भार त्याच्याच खांद्यावर येतो.

नळ बदलणे अर्ध्या तासाचे काम असते. भिंतीतला चुकलेला जोड शोधायला मात्र दोन घरांची शांतता खर्ची पडते. म्हणून निवडीची बैठक पहिल्या गिलाव्याच्या आधी व्हावी.