पैशावाचून अडत नाही, हे खरे नव्हे

अभियांत्रिकीच्या प्रवेशांचा हंगाम आला की एक मत हमखास ऐकू येते. हुशार मुलाचे शिक्षण पैशावाचून अडत नाही. शासनाच्या एवढ्या योजना आहेत, ज्याला लाभ मिळत नाही त्याने अर्जच वेळेत भरला नसेल. या मताला आधार नाही असे नाही. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून खुल्या प्रवर्गाच्या विद्यार्थ्याला निम्मे शिक्षण शुल्क मिळते. २०२४पासून याच उत्पन्नमर्यादेतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. पूर्वपक्ष भक्कम आहे, म्हणून त्याचे उत्तर तपशिलानेच द्यायला हवे.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागाच घ्या. प्रत्येक शाखेत मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. पण विकल्प अर्जात या जागांचा कोड वेगळा असतो, त्याच्या शेवटी 'टी' असतो. ज्याच्या घरात आधी कोणी इंजिनिअर झालेले नाही तो मुलगा कॉलेजचा नेहमीचा कोड टाकतो आणि पुढे जातो. कोड माहीत असला तरी स्पर्धा अशी की या जागांचा कटऑफ बऱ्याचदा सर्वसाधारण जागांच्या वर जातो. उत्पन्नाची अट दाराशी. आत गेल्यावर पुन्हा गुणांचीच चुरस, आणि त्या गुणांमागे क्लासची फी असते. गरज बघून दिलेली जागा शेवटी कुणाला मिळते, हे यावरून समजावे.

शाहू शिष्यवृत्तीला प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच झालेला लागतो. फेरीत जागा हुकली आणि संस्थास्तरावर प्रवेश घ्यावा लागला, तर घरचे उत्पन्न कितीही कमी असो, लाभ नाही. त्यात कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ. तलाठ्याच्या अहवालावर तहसीलदारांचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरचा अर्ज, मग कॉलेजची छाननी. यातली एकेक पायरी सोपी आहे, हे मी मान्य करतो. पण सगळ्या पायऱ्या प्रवेशाच्या त्याच धावपळीत चढायच्या असतात, आणि वाट माहीत असलेले माणूस जवळ असेल त्यालाच त्या सोप्या वाटतात. ही चाळणी गरज मोजत नाही, माहिती मोजते. चुकलेल्या मुलाला आळशी ठरवणे हा अन्याय आहे.

'अटी सैल केल्या तर श्रीमंत घुसतील' हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पण आजची रचना त्यालाही उत्तर देत नाही. साठ हजार उत्पन्नाच्या आणि पावणेआठ लाख उत्पन्नाच्या घराला शाहू योजनेत सारखीच निम्मी सूट मिळते. उरलेली निम्मी फी पहिल्या घराला झेपतच नाही. आयआयटीत टप्पे आहेत: एक लाखाखालील उत्पन्नाला पूर्ण शिक्षण शुल्क माफ, एक ते पाच लाखांना दोन-तृतीयांश. गरज मोजायची ती अशी. आठ लाखांच्या एका रेषेने ती मोजता येत नाही.

शिवाय फी हा खर्चाचा एक भागच. गरीब मूल शहरात टिकत नाही ते राहण्याजेवणामुळे, हे ओळखूनच शाहू महाराजांनी १९०१मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले, नंतर इतर समाजांसाठीही वसतिगृहे काढली. त्यांच्या नावाची योजना मात्र फीपाशीच थांबते. वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावे निर्वाह भत्ता आहे, पण तो अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आणि त्याचा अर्ज निराळा.

कॅपचा अर्ज भरताना उत्पन्न आणि प्रवर्ग विचारलेच जातात, कागदपत्रे तपासलीही जातात. त्याच तपासणीवर शिष्यवृत्ती, टीएफडब्ल्यूएसचे विकल्प आणि भत्ता आपोआप पुढे यावेत, टप्पे उत्पन्नानुसार ठरावेत. तेच कागद दुसऱ्या पोर्टलवर त्याच मुलाला पुन्हा चढवायला लावण्याचे कारण उरत नाही.