रामदासपेठेच्या गच्चीवरून तेजोमेघ: आकाशाच्या फोटोंसाठी पहिला डिजिटल कॅमेरा

रामदासपेठेतून आकाशगंगा दिसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. दवाखान्यांचे उजळ बोर्ड, वर्धा रोडचे दिवे आणि हवेतली धूळ यांमुळे आमच्या गच्चीवरचं आकाश रात्रभर राखाडीच असतं. तरीही याच गच्चीवरून मृग नक्षत्रातला तेजोमेघ फोटोत येतो. तो आपल्यापासून साधारण १,३०० प्रकाशवर्षं दूर आहे. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. एक जुना कॅमेरा, एक लेन्स आणि ट्रायपॉड एवढ्यात काम होतं.

फोन आहे ना, मग कॅमेरा कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. २०१९ मध्ये गुगलने पिक्सेल ४ फोनमध्ये ताऱ्यांचे फोटो काढायचा मोड दिला. तो १६ सेकंदांपर्यंतचे १५ फोटो घेतो आणि एकमेकांवर जुळवून एक फोटो तयार करतो. म्हणजे चार मिनिटांचा प्रकाश एका चित्रात. आपण कॅमेऱ्याने जे करणार आहोत तेही मुळात हेच आहे.

फरक पडतो तो काचेच्या आकारात. फोनच्या मुख्य लेन्सचं तोंड जेमतेम ४ मिलिमीटरचं असतं. ५० मिलिमीटर एफ/१.८ या साध्या लेन्सचं तोंड भरतं सुमारे २८ मिलिमीटर. व्यास सातपट, म्हणजे क्षेत्रफळ आणि आत येणारा प्रकाश जवळपास ४९ पट! हा फरक सॉफ्टवेअरने पूर्ण भरून निघत नाही. आणि काही फोन चंद्राच्या फोटोत प्रक्रिया करून तपशील स्वतःच भरतात. मला वाटतं, सेन्सरवर प्रत्यक्ष काय पडलं तेच हवं असेल तर कॅमेराच बरा.

काय घ्यायचं?

नवीन काही घेऊ नका. सेकंड हँड डीएसएलआर पुरेसा आहे. त्यात तीन गोष्टी हव्यात: मॅन्युअल मोड, रॉ फाइल आणि मागच्या स्क्रीनवर चित्र मोठं करून बघण्यासाठी लाइव्ह व्ह्यू. घेताना शटर काउंट नक्की विचारा. एका रात्रीत आपण सहज ३००-४०० फोटो काढतो, त्यामुळे आधीच झिजलेलं शटर परवडत नाही. लेन्सच्या आत टॉर्च मारून बुरशी आहे का तेही बघा.

सोबत मिळणाऱ्या १८-५५ लेन्सने नक्षत्रांचे फोटो चांगले येतात. तेजोमेघासाठी मात्र ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या. किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर जाते, त्या तुलनेत हिच्यातून जवळपास दहापट प्रकाश येतो. चंद्राचं गणित थोडं वेगळं. ५५ मिलिमीटरला सेन्सरवर चंद्राची प्रतिमा फक्त अर्धा मिलिमीटर भरते, म्हणजे अंदाजे १३५ पिक्सेल. २५० मिलिमीटरची लेन्स मिळाली तर ती ६०० पिक्सेलच्या पुढे जाते आणि विवरं दिसू लागतात. (सूर्यावर मात्र कॅमेरा कधीही रोखू नका, लेन्सपुढे योग्य सोलर फिल्टर असल्याशिवाय नाहीच. आधी डोळा जातो, मग सेन्सर.)

फोकस हीच खरी परीक्षा

ऑटोफोकसला अंधारात काही सुचत नाही. लेन्स मॅन्युअलवर टाका, लाइव्ह व्ह्यू सुरू करा, व्याधाचा तारा स्क्रीनवर आणा आणि दहापट मोठा करा. फोकसची रिंग केसभर केसभर फिरवत तारा सगळ्यात लहान ठिपका होईल तिथे थांबा. लेन्सवर अनंताचं चिन्ह असतं, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. मग रिंगवर छोटी चिकटपट्टी लावा. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर ट्रायपॉडवर तो बंद ठेवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही.

किती सेकंद उघडं ठेवायचं?

पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकतं. सगळीकडे एक नियम सांगितला जातो: ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने आणि सेन्सरच्या क्रॉप फॅक्टरने भागा. ५० मिलिमीटर आणि १.६ क्रॉप असेल तर उत्तर येतं सहा सेकंद. माझ्या मते हा नियम फार ढिला आहे. आजच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवर या लेन्सने तारा सेकंदाला साधारण एक पिक्सेल सरकतो. सहा सेकंदांत ठिपक्याची रेघ होते. मी ३ सेकंदांवर थांबतो.

सुरुवातीला एफ/२.८, आयएसओ ८००, ३ सेकंद आणि फाइल रॉ ठेवा. फोटो नारिंगी-राखाडी आला तरी घाबरू नका. हिस्टोग्रामचा डोंगर डाव्या काठापासून चौथ्या-तिसऱ्या भागात आला की जमलं. उजवीकडे सरकला तर आयएसओ कमी करा. आता मृगाच्या पोटातले तीन तारे, म्हणजे बाण शोधा. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की बाणाच्या खाली अंधुक ताऱ्यांची एक ओळ दिसते. तिच्यातला मधला ठिपका फोटोत धुरकट येतो. तोच आपला तेजोमेघ. जानेवारीच्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास तो नागपूरहून ६४ अंश उंच असतो, म्हणजे दिव्यांच्या झगमगाटाच्या बराच वर.

एक फोटो काहीच नसतो

जादू होते ती थर लावण्यात. तेजोमेघ प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, पण सेन्सरचे दाणे दर वेळी वेगळीकडे पडतात. १०० फोटोंची सरासरी काढली की दाण्यांचा गोंधळ दहापट कमी होतो, ४०० फोटोंनी वीसपट. डीपस्कायस्टॅकर, सिरिल आणि सेक्वेटर हे तिन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत. दहा मिनिटांत आकाश अडीच अंश सरकतं, तेव्हा मध्ये मध्ये कॅमेरा पुन्हा नेमका मृगावर आणा.

शेवटी झाकण लावून त्याच सेटिंगवर २०-३० काळे फोटो काढा. सेन्सर तापला की स्वतःच खोटा उजेड तयार करतो, आणि दर सहा-सात अंश सेल्सियसला तो साधारण दुप्पट होतो. काळे फोटो वजा केले की तो नमुना निघून जातो. नागपूरच्या मे महिन्यात यांना पर्याय नाही. म्हणून काळे फोटो त्याच रात्री, त्याच गच्चीवर काढायचे. खाली एसीच्या खोलीत काढलेले चालत नाहीत.

लाइट पोल्यूशन फिल्टर घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश ठरावीक रंगांचा होता, तो गाळता यायचा. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग असतात, मग गाळणार काय? त्या पैशात पेट्रोल भरा.

जायचं कुठे, तर पेंचला

नागपूरहून दीड-दोन तासांवरच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आशियातलं ते पाचवं. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून उजेड खाली, जमिनीकडेच पडेल असे केले गेले. वाघोडा, सिल्लारी ही त्यातली गावं. उजेड बंद करावा लागला नाही, फक्त वळवावा लागला. हे आपल्या गल्लीतही करता येईल, पण असो. अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा आणि राहण्याची सोय आधी करा. वाघांचं जंगल आहे, मनाला येईल तिथे गाडी थांबवून ट्रायपॉड लावता येत नाही. वन विभागाची परवानगी लागते.

हे सगळं जमलं की पुढची खरेदी कॅमेऱ्याची नको, ट्रॅकरची करा. तो कॅमेऱ्याला आकाशाच्या वेगाने फिरवतो आणि ३ सेकंदांचे ६० होतात. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. नागपूरहून ध्रुव २१ अंशांवर आहे, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा उंच. आमच्या बाजूला नेमकी तिथेच शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे. ट्रॅकर घेण्याआधी तुमच्या गच्चीवरून उत्तर मोकळी आहे का ते बघून घ्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मात्र कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागायला फार दिवस लागत नाहीत.