हंगेरीतील इंग्रजी माध्यमाचे वैद्यकीय शिक्षण

हंगेरीतील इंग्रजी माध्यमाचे वैद्यकीय शिक्षण म्हणजे मध्य युरोपातील हंगेरी या देशातील चार विद्यापीठांत मुख्यतः परदेशी विद्यार्थ्यांसाठी चालवला जाणारा सहा वर्षांचा वैद्यकीय पदवी अभ्यासक्रम होय. राजधानी बुडापेस्टमधील सेमेलवाइस विद्यापीठ आणि डेब्रेत्सेन, पेच व सेगेद या शहरांतील विद्यापीठे अशी ही चार विद्यापीठे आहेत. व्याख्याने, पाठ्यपुस्तके व परीक्षा इंग्रजीत असतात. रुग्णालयातील रुग्ण मात्र हंगेरियन भाषा बोलतो. या अभ्यासक्रमाची बहुतेक वैशिष्ट्ये आणि अडचणी या एका विसंगतीतून निर्माण होतात.

इतिहास

परक्या भाषेत वैद्यक शिकवणे हंगेरीला नवीन नाही. आजच्या सेमेलवाइस विद्यापीठाचा उगम १७६९ मध्ये नाजसोंबात (सध्या स्लोव्हाकियातील त्रनावा) येथे स्थापन झालेल्या वैद्यक विद्याशाखेत आहे. तेथे आरंभी अध्यापनाची प्रमुख भाषा लॅटिन होती. ज्यांचे नाव या विद्यापीठाला दिले गेले, ते इग्नाझ सेमेलवाइस (१८१८–१८६५) बुडा येथे जन्मले. परंतु प्रसूतिज्वर रोखण्यासाठी हात निर्जंतुक करण्याचा आग्रह त्यांनी १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे धरला आणि त्यावरील आपला मुख्य ग्रंथ १८६१ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केला.

सध्याच्या परकीय माध्यमांच्या अभ्यासक्रमांची सुरुवात साम्यवादी राजवटीच्या अखेरच्या दशकात झाली. परकीय कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या हंगेरीला परकीय चलनाची गरज होती, तर पश्चिम जर्मनीत वैद्यकीय प्रवेशांच्या मर्यादित जागांमुळे अनेक विद्यार्थी प्रवेशाबाहेर राहत होते. १९८३ मध्ये बुडापेस्टला जर्मन माध्यमाचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, पेच येथे इंग्रजी माध्यम आले. त्यानंतर १९८५ मध्ये सेगेद आणि १९८७ मध्ये डेब्रेत्सेन येथे इंग्रजी अभ्यासक्रम सुरू झाले. १९८९ च्या सत्तांतरानंतरही ही व्यवस्था टिकली. परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क हा या विद्यापीठांच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा भाग आहे.

१ मे २००४ रोजी हंगेरी युरोपीय संघाचा सदस्य झाल्यावर या पदवीचे मोल बदलले. त्यापूर्वी ती पूर्व युरोपातील एक स्वस्त पदवी समजली जात असे. त्यानंतर ती संघाच्या सामायिक नियमांत बसणारी पदवी झाली. नॉर्वे संघाचा सदस्य नसला तरी युरोपीय आर्थिक क्षेत्रात असल्याने तेथील विद्यार्थ्यांनाही हे नियम लागू होतात, आणि चारही विद्यापीठांत नॉर्वेजियन विद्यार्थ्यांची संख्या लक्षणीय आहे. इराण, इस्रायल, नायजेरिया, जपान, दक्षिण कोरिया इत्यादी देशांतूनही विद्यार्थी येतात.

प्रवेश व शुल्क

प्रवेशासाठी जीवशास्त्र, रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र आणि इंग्रजी यांची लेखी परीक्षा व मुलाखत घेतली जाते. तयारी अपुरी असलेल्यांसाठी एक वर्षाचा पायाभूत वर्ग असतो. वार्षिक शुल्क विद्यापीठानुसार साधारणपणे १५,००० ते २०,००० अमेरिकी डॉलरच्या आसपास असते; निवास व भोजनाचा खर्च त्याहून वेगळा. हंगेरियन माध्यमातील अनेक स्थानिक विद्यार्थ्यांचे शिक्षण मात्र सरकारी खर्चाने होते, म्हणजे एकाच इमारतीत, बहुधा त्याच प्राध्यापकांकडून, दोन वेगळ्या अर्थव्यवस्थांत शिक्षण चालते.

अभ्यासक्रम व परीक्षा

अभ्यासक्रम १२ सत्रांचा आणि युरोपीय श्रेयांक पद्धतीनुसार ३६० श्रेयांकांचा असतो. पहिल्या दोन वर्षांत शरीररचनाशास्त्र, ऊतिशास्त्र, जीवरसायनशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र हे विषय येतात आणि शवविच्छेदनाला बराच वेळ दिला जातो. तिसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आदी विषयांतून विद्यार्थी रुग्णालयाकडे वळतो. चौथे व पाचवे वर्ष मुख्यतः रुग्णविभागांत जाते. सहाव्या वर्षी अंतर्वैद्यक, शल्यचिकित्सा, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूती, मज्जाविकार, मानसोपचार अशा विभागांत आळीपाळीने काम करावे लागते. शेवटी प्रबंध सादर करून लेखी, प्रात्यक्षिक व तोंडी अशी राज्य परीक्षा द्यावी लागते.

भारतीय विद्यार्थ्याला सर्वांत अनोळखी वाटते ती येथील तोंडी परीक्षा. सत्रात सुमारे १४ आठवडे अध्यापन झाल्यावर काही आठवड्यांचा स्वतंत्र परीक्षाकाळ येतो आणि त्यातील कोणत्या दिवशी परीक्षा द्यायची हे विद्यार्थी स्वतः 'नेप्टुन' या संगणकीय नोंदणी प्रणालीतून ठरवतो. परीक्षेच्या खोलीत तो चिठ्ठी उचलून विषय काढतो. या विषयाला हंगेरियनमध्ये 'तेतेल' म्हणतात. थोडा वेळ विचार करून तो परीक्षकासमोर बसतो आणि विषय मांडतो. गुण १ ते ५ या श्रेणीत मिळतात. ५ सर्वोत्तम, १ म्हणजे अनुत्तीर्ण. एखाद्या विषयाच्या सर्व सत्रांवर मिळून होणाऱ्या मोठ्या परीक्षेला 'सिगोरलॉत' म्हणतात आणि शरीररचनाशास्त्राची सिगोरलॉत हा विद्यार्थ्यांच्या बोलण्यातला नेहमीचा विषय असतो. अनुत्तीर्ण झाल्यास त्याच परीक्षाकाळात पुन्हा बसता येते, पण संधी मोजक्याच असतात. त्या संपल्या की विषय पुन्हा घ्यावा लागतो आणि सत्र वाया जाण्याचा धोका असतो. पाठांतरावर वाढलेल्या विद्यार्थ्याला येथे अडचण येते ती उत्तर ठाऊक नसल्यामुळे कमी, आणि ते सलग बोलून मांडण्याची सवय नसल्यामुळे जास्त.

रुग्णाची भाषा

हंगेरियन ही युरालिक कुळातील भाषा आहे. इंग्रजी, जर्मन किंवा मराठी यांच्याशी तिचे कुळाचे नाते नाही, त्यामुळे ऐकून अर्थाचा अंदाज बांधण्याची सोय जवळजवळ राहत नाही. शब्दाला एकामागून एक प्रत्यय लागतात आणि प्रत्ययातील स्वर शब्दातील स्वरांशी जुळवून घेतात. लिपी रोमन असली तरी उच्चार वेगळे असतात. इंग्रजीतील 'एस' हे एकटे अक्षर हंगेरियनमध्ये 'श' असे उच्चारले जाते. त्यामुळे पोट या अर्थाचा, इंग्रजी 'हॅज'सारखाच लिहिला जाणारा शब्द 'हॉश' असा ऐकू येतो. पाहुण्या विद्यार्थ्याची पहिली वैद्यकीय वाक्ये बहुधा 'होल फाय?' (कुठे दुखते?) आणि 'मिओता?' (केव्हापासून?) ही असतात. प्रश्न विचारणे सोपे असते. खरी कसोटी उत्तर समजण्यात असते. वृद्ध रुग्ण सावकाश, पाठ्यपुस्तकी वाक्यांत उत्तर देत नाही. शिवाय वडीलधाऱ्या वा अपरिचित व्यक्तीशी बोलताना क्रियापद तृतीय पुरुषी वापरण्याचा संकेत आहे. मराठीतील 'तू' आणि 'आपण' यांतील अंतर ज्याला कळते, त्याला त्यातील अदब कळायला वेळ लागत नाही. रूपे मात्र पाठच करावी लागतात.

म्हणून पहिली काही वर्षे हंगेरियन, आणि पुढे वैद्यकीय हंगेरियन, हे विषय सक्तीचे असतात. तरीही पुष्कळ विद्यार्थी परीक्षेपुरती भाषा शिकतात आणि चौथ्या वर्षी रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहिल्यावर त्याची किंमत मोजतात. आजाराचा इतिहास विचारणे हे निदानाचे पहिले साधन आहे. ते प्राध्यापकाच्या किंवा हंगेरियन सहाध्यायाच्या भाषांतरावर सोपवले, तर विद्यार्थी फक्त तपासणी पाहणारा प्रेक्षक उरतो. येथे लॅटिनची काही मदत होते, कारण हंगेरियन डॉक्टर निदाने अजूनही मोठ्या प्रमाणावर लॅटिनमध्ये लिहितात. रुग्ण हंगेरियनमध्ये सांगतो, प्राध्यापक इंग्रजीत समजावतो आणि कागदावर लॅटिन उमटते, असा तिहेरी व्यवहार रुग्णविभागात रोज चालतो. पदवीनंतर हंगेरीतच राहून विशेषज्ञ-प्रशिक्षण घ्यायचे असल्यास भाषेपासून सुटका नाही.

पदवीची मान्यता

युरोपीय संघाच्या २००५ च्या व्यावसायिक पात्रता निर्देशानुसार मूलभूत वैद्यकीय शिक्षण किमान ५ वर्षांचे व ५,५०० तासांचे असावे लागते. या अटी पूर्ण करणारी पदवी सदस्य देश आपोआप मान्य करतात. प्रवेश मिळवून देणारे दलाल हे विधान येथेच थांबवतात. हा निर्देश मुळात संघाच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय नागरिकाला त्याचा लाभ मिळेल की नाही हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. शिवाय जर्मनीसारख्या देशात काम करायचे तर जर्मन भाषेची परीक्षा टळत नाही.

भारतात परतणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत. परदेशी वैद्यकीय पदवी घेऊ इच्छिणाऱ्यास २०१८ पासून 'नीट' उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी आणि पदवीधर त्या देशात तेथील नागरिकांच्या बरोबरीने व्यवसायाचा परवाना मिळण्यास पात्र हवा. त्यानंतर भारतात आणखी १२ महिन्यांची आंतरवासिता असते. हंगेरीत सहाव्या वर्षाचे प्रशिक्षण पदवी अभ्यासक्रमातच मोडते व शैक्षणिक वर्षाच्या मापाने आखलेले असते, त्यामुळे महिन्यांची ही मोजदाद प्रवेशापूर्वीच करून घेणे महत्त्वाचे ठरते.

याखेरीज २००२ पासून लागू असलेली परदेशी वैद्यकीय पदवीधर परीक्षा द्यावी लागते. वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षेत ३०० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण लागतात. सहा वर्षे तोंडी परीक्षांत घालवलेल्या विद्यार्थ्याला येथे पुन्हा पर्याय निवडण्याची सवय करावी लागते. महाराष्ट्रात व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांची नोंदणी त्यानंतर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे होते. 'नीट' मराठीतून देण्याची सोय असल्याने मराठी माध्यमातील विद्यार्थीही या वाटेने जाऊ शकतो. त्याच्यासाठी इंग्रजी आणि हंगेरियन या दोन्ही भाषा एकाच वेळी शिकण्याच्या असतात.