खिळा काढून पाहणे

1782 साली ब्रिटिश नौदलाने ‘एबे’ ही फ्रेंच फ्रिगेट पकडली. तिची घडण इंग्रजांच्या इतकी मनात भरली की त्यांनी तिच्या अंगाची मापं उतरवून घेतली आणि त्यांवरून 1800 साली ‘लीडा’ पाण्यात सोडली. पुढे याच नमुन्याचं जहाज मुंबईच्या गोदीत सागवानात बांधायचं ठरलं. त्याचे नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या हाती लागलं, आणि जहाजाबरोबर नकाशेही गेले. मग दुसरी प्रत आली. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘त्रिंकोमाली’ 12 ऑक्टोबर 1817 रोजी समुद्रात उतरली. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. एका जहाजाचा बाक दुसऱ्यात उतरला तो मोजक्या मापांतून. दोन मापांच्या मधल्या जागेत काय असतं, हे मात्र नकाशाबरोबरचे आकडे सांगत नाहीत.

ती जागा भरायचं काम गोदीतल्या आखणीच्या माळ्यावर होई. तिथल्या जमिनीवर जहाज पुऱ्या आकारात आखायचं: ठरावीक अंतरांवर मापांची टिंबं, टिंबांशी ठोकलेले खिळे आणि त्या खिळ्यांना लगटून वाकवलेली लांब, लवचीक लाकडी पट्टी. मग कारागीर खाली वाकून, डोळा पट्टीच्या पातळीवर आणून तिच्या लांबीवर नजर टाकी. कुठे फुगवटा वा दबका दिसला की तिथला खिळा उपटायचा. पट्टी जागची हलली नाही तर माप खरं. ती उसळून दुसरीकडे गेली तर दोष बहुतेक मापाचाच. टिंब पुसायचं आणि पट्टी सांगेल तिथे नवं काढायचं. माझं म्हणणं एवढंच की वक्र बसवण्याचं सगळं मर्म या उपटलेल्या खिळ्यात आहे. प्रत्येक टिंबाला शिवणारी रेघ कुणीही काढील. कसब लागतं ते कोणत्या टिंबाचं किती ऐकायचं हे ठरवायला. शिंपीही छाती, खांदा अशी चार मापं घेतो, पण मुंढ्याचा बाक टेपवर नसतो. तो अंगाला तंतोतंत बेतला तर घालणाऱ्याला हात वर करता येत नाही.

गणिताला हे उशिरा आणि ठेचा खात उमगलं. सगळ्या टिंबांतून जाणारी बहुपदी काढली की अचूकता आपोआप येईल, असं वाटणं स्वाभाविक होतं. 1901 साली कार्ल रुंगे यांनी दाखवलं की समान अंतरांवरची टिंबं वाढवत नेली तर एखाद्या साध्यासुध्या वक्राच्या बाबतीतही ही बहुपदी टोकांशी भयंकर हेलकावे खाते. टिंबागणिक ती बरोबर असते; चुकते ती टिंबांच्या मधे. 1946 साली आयझॅक शोनबर्ग यांनी त्या लाकडी पट्टीचंच गणित मांडलं: छोटे घन वक्र, सांध्यांवर बेमालूम जुळवलेले. मोटारींच्या पत्र्यांसाठी सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी एकमेकांच्या नकळत आणखी मोकळा मार्ग काढला. कास्तेल्जो आधीचे, पण कंपनीने त्यांचं काम गुपित ठेवलं, म्हणून नाव बेझिए यांचं झालं. त्यांच्या वक्राला पहिलं आणि शेवटचं टिंबच शिवावं लागतं. मधली टिंबं त्याला नुसती आपल्याकडे ओढतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. डोळ्याला खुपतं म्हणून माप पुसायचं, तर मनाजोगती रेघ काढायला रान मोकळंच. केप्लरसमोर असाच प्रसंग होता. मंगळाच्या त्याच्या वर्तुळी मांडणीत आणि टायको ब्राहेच्या निरीक्षणांत 8 कलांचा फरक पडत होता, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. माळ्यावरच्या नजरेने पाहिलं तर तो खिळा उपटायला हरकत नव्हती. केप्लरने तो ठेवला, वर्तुळ सोडलं आणि 1609 साली लंबवर्तुळ मांडलं. पण त्याला हे धाडस झालं ते टायकोची मापं साधारण 2 कलांपर्यंत भरवशाची आहेत हे ठाऊक होतं म्हणून. पट्टी किती ताठ घ्यायची हे मोजणाऱ्याच्या हातावर ठरतं. जो तो हात जाणत नाही, त्याच्या डोळ्यावर मीही विश्वास ठेवणार नाही.

आणि तो डोळा नसला तरी खिळ्याची परीक्षा घेता येते. 1970च्या दशकाच्या अखेरीस पीटर क्रेव्हन आणि ग्रेस वाबा यांनी गोंगाटी आकड्यांतून वक्र काढण्याची जी रीत मांडली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे: एक टिंब बाजूला ठेवा, उरलेल्यांवर वक्र बसवा आणि वगळलेल्या टिंबाच्या तो किती जवळ जातो ते पाहा. असं सगळ्या टिंबांचं करून ज्या ताठपणाला एकूण चूक कमीत कमी, तो ताठपणा घ्या. प्रत्यक्षात प्रत्येक खिळा खरोखर काढावा लागू नये, म्हणून त्यांनी सूत्र दिलं. माळ्यावरच्या कारागिराने ते पाहून खांदे उडवले असते, अशी मला शंका आहे.

एका बाबतीत मात्र पट्टी कुणाच्याच उपयोगाची नाही. शेवटच्या खिळ्यापलीकडे ती सरळ निघून जाते, आणि तिचं गणितही तसंच जातं. 1801च्या आरंभी पालेर्मोहून पियाझीने सेरेस हा बटुग्रह 24 वेळा टिपला आणि 11 फेब्रुवारीनंतर तो सूर्याच्या झळाळीत हरवला. चोविशीतल्या गाउसने त्याची पुढची जागा वर्तवली आणि वर्षअखेरीस तो जवळपास तिथेच सापडला. गाउसजवळ पट्टी नव्हती. त्याच्याजवळ केप्लरचं लंबवर्तुळ होतं.