मोरी तुंबणे

स्वयंपाकघरातील मोरी किंवा सिंकमधून सांडपाणी वाहून नेणाऱ्या मार्गात अडथळा येऊन पाणी साचून राहणे, यास मोरी तुंबणे असे म्हणतात. अडथळा बहुधा जाळी, सापळा (ट्रॅप) किंवा नळीचे वळण यांपैकी एका ठिकाणी असतो. तो काढण्यासाठी आत घातलेले साधनच अडकून बसल्यास मूळ अडथळा अधिक घट्ट होतो.

== रचना ==
जुन्या घरांत मोरी ही जमिनीलगतची, कडेने उंचवटा असलेली फरसबंद जागा असे. तिचे पाणी भिंतीतील भोकातून परसातील झाडांकडे किंवा उघड्या गटारात जाई. ओट्यावरील सिंकचे पाणी मात्र सापळ्यातून, नळीतून आणि घराबाहेरील चेंबरमधून पुढे जाते. सापळ्यात कायम उरणाऱ्या पाण्यामुळे गटारातील वायू, दुर्गंधी आणि झुरळे घरात येत नाहीत.

== कारणे ==
तेल-तुपाचा ओशटपणा थंड होताच नळीच्या आतील बाजूस थिजतो. त्यावर भाताची शिते, चहाचा चोथा, शेंगदाण्याचे कूट आणि काथ्याचे धागे चिकटतात. भांडी राखेने घासली जात असल्यास राख सापळ्याच्या तळाशी बसते. पाणी क्षारयुक्त असल्यास साबणाचा न विरघळणारा साका तयार होऊन हा थर कडक होतो.

नळीचा उतार अपुरा असल्यास पाण्याचा वेग कमी होतो व गाळ मागे राहतो. सामान्यतः दर १ मीटर लांबीस सुमारे २ ते २.५ सेंटिमीटर उतार योग्य मानला जातो.

== सातारा व सांगली परिसर ==
सातारा शहर अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी उतारावर वसले आहे. सांगली कृष्णाकाठच्या सपाट भूमीवर असल्याने तेथे सखल भागांतील सांडपाण्याच्या निचऱ्यास नैसर्गिक उतार कमी मिळतो. कृष्णेला २००५, २०१९ व २०२१ साली आलेल्या महापुरांत सांगलीतील अनेक वस्त्यांमध्ये पाणी शिरले. नदीची पातळी वाढल्यावर नाले व गटारे उलटी वाहू लागतात. पूर ओसरल्यानंतर चेंबर, सापळे आणि नळ्या यांत बारीक गाळ उरतो. अशा वेळी केवळ सिंक मोकळे करून उपयोग होत नाही. आधी बाहेरील चेंबरमधील गाळ काढावा लागतो. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत विंधन विहिरींचे क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्या घरांत साक्याचा त्रास अधिक संभवतो.

== उपाय ==
प्रथम जाळी काढून स्वच्छ केली जाते. त्यानंतर सिंकमध्ये थोडे पाणी ठेवून रबरी पंपाने दाब दिला जातो; सिंकला दुसरे भोक असल्यास ते ओल्या फडक्याने बंद करतात. एवढ्याने पाणी न उतरल्यास खाली बादली ठेवून सापळा उघडतात. ओशटपणासाठी साबण आणि गरम पाणी उपयोगी पडते. परंतु उकळत्या पाण्याने पीव्हीसी नळी मऊ पडून सांधे सुटू शकतात. दूरच्या अडथळ्यासाठी लवचीक पोलादी स्प्रिंग फिरवत आत सारतात.

== अडकलेली साधने ==
स्प्रिंगचे टोक वळणात रुतल्यावर ती जोराने ओढल्यास तिला पीळ बसतो, ती तुटते किंवा नळीचा सांधा निखळतो. म्हणून आधी ताण सैल करून ती उलट दिशेने सावकाश फिरवली जाते आणि थोडी पुढे-मागे करत बाहेर घेतली जाते. ओशट थरात रुतलेले टोक साबणाच्या कोमट पाण्याने सुटू शकते. तरीही न निघाल्यास सापळा किंवा जवळचा सांधा उघडून साधन दुसऱ्या बाजूने मोकळे करतात; नळी कापणे हा अखेरचा उपाय होय. बांबूची कामटी आत मोडण्याचा आणि काठीला गुंडाळलेले फडके सुटून राहण्याचा संभव असल्याने ती वापरणे टाळले जाते.

== सुरक्षितता ==
कॉस्टिक सोडा पाण्यात मिसळताना तीव्र उष्णता निर्माण होते व त्वचा आणि डोळे भाजू शकतात. ॲल्युमिनियमशी त्याची क्रिया होऊन ज्वलनशील हायड्रोजन वायू सुटतो. ब्लीचिंग पावडर व आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. रसायन टाकलेल्या मोरीत पंप मारल्यास ते अंगावर उडण्याचा धोका असतो. त्यामुळे प्लंबरला त्याची आधी कल्पना देणे आवश्यक ठरते.

घरातील अडथळा घराबाहेरच्या मोठ्या गटारात असल्यास त्यात माणूस उतरवणे जीवघेणे ठरू शकते. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने गटारे व सेप्टिक टाक्या यांची माणसांकडून धोकादायक पद्धतीने सफाई करून घेण्यास मनाई केली आहे.