मातृभाषेचा रकाना

मी मूळचा रामाकोन्याचा. छोट्या लाईनची गाडी आमच्याकडे थांबायची आणि तिकीट बहुतेक नागपूरचंच निघायचं. कोर्टकचेरी असो, लग्नाचा बस्ता असो की दवाखाना, सगळं नागपूर.

माझा जन्म झाला तेव्हा नागपूर ही आमची राजधानीच होती. जुन्या मध्य प्रदेशात 1950 च्या कायद्याने हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. त्यामुळे सौंसर तालुक्यातल्या माणसाला "तू कोण?" हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. घरी मराठी, बाजारात दोन्ही, आणि पांढुर्ण्याची गोटमार सगळ्यांची.

मग फाजल अली आयोग आला. सप्टेंबर 1955 च्या अहवालात त्यांनी मराठी बोलणाऱ्या आठ जिल्ह्यांचा वेगळा विदर्भ सुचवला. त्यात छिंदवाडा नव्हता. आयोगाने साधारणपणे जिल्हा हाच घटक धरला होता, आणि पूर्ण जिल्हा पाहिला तर आम्ही मराठी थोडे. विदर्भ झालाच नाही, तो मुंबई राज्यात गेला. 1 नोव्हेंबर 1956 ला राजधानी भोपाळ झाली, हायकोर्ट जबलपूरला गेलं. बेळगावचा प्रश्न देशभर गाजला, आमचा तेवढा गाजला नाही. मी पाच वर्षांचा होतो. पण बाबा सांगायचे, त्या दिवशी गावात काहीच बदललं नाही. बदललं ते हळूहळू, बोलण्यात. नागपूरकडच्या नातेवाइकांना आम्ही "महाराष्ट्रवाले" म्हणू लागलो, ते आम्हाला "एमपीवाले". आधी दोघं नुसते "आपले" होते.

आता माझी गोष्ट. नागपूरला बी.कॉम. करून बँकेत लागलो. पहिल्याच महिन्यात माहितीचा तक्ता भरायचा होता. मातृभाषेच्या रकान्यापाशी मी थांबलो. शेजारचे साहेब म्हणाले, "एमपी के हो ना? हिंदी लिखो, झंझट खत्म." लिहून टाकलं. पुढे 1976 चे राजभाषा नियम आले. त्यात मध्य प्रदेश 'क' क्षेत्रात, महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात. म्हणजे सौंसर 'क' आणि पलीकडचं सावनेर 'ख'! बसने जेमतेम तासाभराचा रस्ता.

एका शब्दाने काय होतं, असं मलाही वाटायचं. पण तो शब्द प्रत्येक फॉर्मवर तसाच उतरत गेला. बदल्या सगळ्या हिंदी मुलखात. शाखेत "हम लोग", घरी आलो तरी "हम लोग". मुलाला हिंदी शाळेत घातलं. त्याच्याशी मीही हिंदीच बोलू लागलो, म्हटलं अभ्यासात मागे नको पडायला. माझ्या बाबांना मी बाबा म्हणायचो, मुलगा मला पापा म्हणू लागला. नातवाची मी दादाजी. (आमच्या आज्याला कोणी दादाजी म्हटलं असतं तर त्याने मागे वळून पाहिलं असतं.)

2011 च्या जनगणनेला घरी एक मास्तर आले. माझ्या नावापुढे मी सवयीने सांगितलं, "हिंदी." मुलाचं विचारलं तर मी परत हिंदी म्हणणार, तोच बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "त्याचं काहून हिंदी? लहानपणी मी त्याच्यासंगं कोणत्या भाषेत बोलली?"

मास्तर हसले. म्हणाले, "माताजी सही कह रही हैं." जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलायची ती. राज्य, शाळा, नोकरी यांचा त्यात संबंध नाही. मुलाच्या पुढे मराठी लागली. माझं खोडून मागायला मला लाज वाटली, मास्तरांचा कागद खराब होईल म्हणून गप्प बसलो. म्हणजे एकाच घरात मुलगा मराठी आणि बाप हिंदी!

माझ्या मायला उभ्या आयुष्यात हिंदीचं एक धड वाक्य आलं नाही. "बाजारातून येऊन राहिली", "मले नको सांगू", हेच तिचं बोलणं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची खाती तपासली, एका पैशाचा फरक असला तरी रात्री दहापर्यंत बसलो. हा फरक मात्र राहून गेला.

2023 मध्ये सौंसर आणि पांढुर्णा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. आता 2027 ची जनगणना येते आहे. त्या वेळी मी घरीच असेन, आणि मास्तरांशी पहिलं मीच बोलणार, असं बायकोला सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, "पाहू."

तुमच्यापैकी कोणाच्या घरी 1956 च्या आधीचे मराठीतले सरकारी कागद, सातबारा, शाळेचा दाखला असेल तर फोटो इथे टाका. आणि तुमच्या घरी आजोबांना काय म्हणायचे, आता काय म्हणतात, तेही लिहा.